फोसची जागा

"आरं, बाजूला सर की जरा! नुसता बगत काय ऱ्हायलास?"

"सरतोय की. तुझंच ध्यान न्हाई आज, आक्का. ह्या एकाच गाईची कास दोनदा पुसलीस."

"पुसली तर पुसली. झिजली न्हाई न्हवं? आज मतदान हाय. गाईंनी बी निटनेटकं दिसाय पायजे."

"त्या कुटं चालल्यात मत द्यायला?"

"त्यांना आसतं तर लई बरं झालं आसतं. समद्याच्या समद्या लाइलला पडल्या आसत्या. ह्यांच्या दुधाची गाडी त्येनंच आनली न्हवं?"

ओर्डेलनं मशीनचे चार पेले गाईच्या सडांना लावले, दूध सुटल्याचा आवाज नळीला कान देऊन ऐकला, आणि पुढच्या गाईकडं सरकला. गोठ्यातल्या रेडिओवर पोल्का, नाचाचं संगीत, चालला होता. पोल्का लावला की गाई पान्हा सोडतात असं आर्डिसचं मत होतं, आणि आर्डिसचं मत म्हणजे त्या गोठ्यातला कायदाच.

"धारा झाल्या की अंघोळ कर," ती दुसऱ्या गाईच्या पोटाआडनं म्हणाली. "चर्चमधी घालतोस त्यो कोट घाल. गाडी मी तापवून ठेवते."

"आज मी माझ्या गाडीनं जाईन म्हनतो."

"कशापाई? घर एक, रस्ता एक, आनि गाड्या दोन? बानं कधी आसं केलं हुतं?"

"न्हाई केलं."

"मंग?"

"मंग काय न्हाई," ओर्डेल म्हणाला. "येतो की तुझ्यासंगं."

बहीण-भावाचं बोलणं एवढंच. अमेरिकेतल्या उत्तर डकोटात आमच्या स्कोगन तालुक्यात ते पुष्कळ झालं. आमच्याकडची माणसं नॉर्वेतनं बोटीत बसून आली तेव्हा बोलणं बहुतेक तिकडंच ठेवून आली. पोटात कळ येत असली तर माणूस 'जरा बरं न्हाई' म्हणतो आणि दोन दिवसांनी दवाखान्यात त्याचं पोट फाडायची पाळी येते. कॉफी घेणार का विचारलं तर आधी नको म्हणायचं, मग 'कशाला तरास' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं तर 'आता केलीच आसंल तर' म्हणून दोन कप रिचवायचे. आणि मत कुणाला दिलं हे तर नवऱ्यानं बायकोलाही विचारायचं नाही. ज्याचं त्याचं देवाशी असतं तसं ते ज्याचं त्याचं पेटीशी.

सगळ्या तालुक्यात ही रीत मोडणारी बाई एकच. आर्डिस हाउगस्टाड.

हाडापेराची दणकट, हात पुरुषासारखे, आवाज धुक्यातल्या भोंग्यासारखा. जन्मली त्याच घरात म्हातारी झाली. मधली दोन वर्षं तेवढी फार्गोला टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला होती. आई गेली तशी परत आली, पण टेलिफोनची चटक लागली ती लागलीच. लग्नाचं एकदा जमत आलं होतं. पोरगा साखर कारखान्यात होता. त्याला गाईंचा वास सोसेना. आर्डिस म्हणाली, "गाईंना बी त्येचा सोसत न्हाई," आणि विषय तिथंच मिटला.

बाप जुन्या शेतकरी चळवळीतला माणूस. रेल्वेवाल्यांनी आणि गव्हाच्या व्यापाऱ्यांनी नाडलेल्या पिढीनं सरकारी गिरणी आणि सरकारी बँक उभी केली, त्या पिढीतला. चळवळ पुढं डेमोक्रॅट पक्षात मिसळली, आणि हाउगस्टाडांचं घर तिच्यासंगं तिकडं गेलं. मतदानाच्या दिवशी बाप सगळ्यांना एका गाडीत घालून न्यायचा. मत दिल्यावर सगळ्यांनी मिळून कॉफी प्यायची आणि परत येऊन धारा. बाप गेला, ओर्डेलची बायको मार्लिस गेली, त्यांची लेक लग्न करून मिनियापोलिसला गेली. शेवटी गाडीत दोघंच उरली. तरी आर्डिस ती रीत चालवत होती.

पक्षाचं तालुक्यातलं सगळं काम तिच्याच अंगावर. निवडणूक आली की धारा, न्याहारी आणि मग टेलिफोन. घर न् घर. "कुनाला देनार?" असं ती तोंडावर विचारायची. माणसं ओशाळून काहीतरी पुटपुटायची, पण तिला राग कुणी धरायचं नाही. आर्डिस म्हणजे आर्डिस.

आणि तिचा माणूस म्हणजे लाइल फोस. पश्चिमेकडच्या गहूवाल्याचा पोरगा, तीन वेळा सेनेटवर निवडून गेलेला. राज्य सगळं केव्हाच रिपब्लिकनांकडं झुकलं होतं. गव्हर्नर त्यांचा, बाकीच्या खुर्च्या त्यांच्या. या राज्यातनं वॉशिंग्टनला आपल्या पक्षाची एकुलती एक जागा उरली होती ती फोसची. तीही दर वेळी केसावर निभावलेली. तो तालुक्यात आला की आधी आर्डिसच्या स्वयंपाकघरात यायचा. ती लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, तव्यावर उलटायची, आणि तो लोणी-साखर लावून, गुंडाळी करून उभ्याउभ्याच खायचा. "आर्डिस," तो म्हणायचा, "स्कोगनचं कसं?"

"स्कोगनची काळजी तू करू नगंस," ती म्हणायची. "स्कोगन माज्या पदरात हाय."

स्कोगननं फोसला कधी दगा दिला नव्हता, हे खरंच. कारण म्हणून आर्डिस दुधाच्या गाडीची गोष्ट सांगायची.

सहा हिवाळ्यांमागं आमची डेअरी बंद पडली. कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, या बाजूला आता टँकर येणार नाही, गाई फार थोड्या उरल्यात. मग बाकीच्यांनी होत्या त्याही विकल्या. हाउगस्टाडांनी विकल्या नाहीत. आता डेअरी बंद झाली हे गाईला कोण सांगणार? तिची कास दोन वेळा भरायची ती भरतेच. सकाळ-संध्याकाळ धारा काढायच्या आणि दूध गोठ्यामागं बर्फात ओतायचं. पांढऱ्यावर पांढरं. तालुक्यातली मांजरं त्या हिवाळ्यात डुकरासारखी माजली.

त्याच दिवसांत फोस आला. लेफ्सा खाल्ली. ओर्डेलचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "मी बघतो, ओर्डेल. आठवड्याभरात फोन करतो." फोन काही आला नाही. पण बर्फ वितळायच्या आधी एका सकाळी नदीपलीकडच्या चीज कारखान्याचा टँकर वळणावरनं आत शिरला आणि अंगणात उभा राहिला. आर्डिस तशीच गमबुटांनी घरात पळाली आणि फोन उचलला. दुपारपर्यंत तालुकाभर झालं: लाइल फोसनं गाडी आणली. नुसता बघतो म्हणाला नाही, आणलीच.

त्या साली ही गोष्ट सांगून आर्डिसनं किती मतं वळवली असतील, देव जाणे. ऐन शरदात प्रचाराची सभा झाली, तिथं ती माईकसमोर उभी राहून बोलली. बर्फातलं दूध, मांजरं, टँकर, सगळं. फोस शेजारी उभा राहून मान हलवत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओर्डेल मागच्या रांगेत टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता.

तर मतदानाच्या दिवशी दोघं एका गाडीतनं गेले. दोन रस्ते मिळतात तिथं ओर्डेलच्या शेताच्या कोपऱ्यावर फोसच्या नावाचा बोर्ड होता. दर निवडणुकीला तो आर्डिस रोवायची. कधी विचारून रोवला नाही. आपल्याच भावाच्या शेतात बोर्ड लावायला विचारायचं काय? मागल्या पंधरवड्यात वाऱ्यानं पडला तेव्हा ओर्डेलनंच परत उभा करून बुडाला दगड लावले होते.

मतदान अग्निशमनाच्या शेडमध्ये. बंब बाहेर काढून उभा केलेला, आत टेबलं मांडलेली. दाराशी चर्चच्या बायकांचं कॉफीचं टेबल, आणि तिथं लव्हॉन ट्वेट बसलेली. लव्हॉन शेजारच्या मळ्यातली. शाळेपासनं आर्डिसची मैत्रीण, आणि शाळेपासनंच तिच्याशी भांडत आलेली.

"ये बाई," लव्हॉन म्हणाली. "आज तरी त्या तोंडाला सुट्टी दे. समद्या तालुक्याचे कान दुखायलेत."

"तुजे कधीच दुखायचे न्हाईत. तू ऐकतीस कुटं?"

"ऐकतीया म्हनूनच म्हनते. कॉफी घे."

"नको."

"घे की."

"कशाला तरास."

"आगं, वतलीया!"

आर्डिसनं कप घेतला. हसता हसता तिच्या ध्यानात आलं की लव्हॉन तिच्याकडं बघत नव्हती, कपाकडं बघत होती. पलीकडं चारपाच गडी उभे होते. आर्डिसनं हात केला तसं सगळ्यांना एकदम आपल्या बुटांचं कौतुक वाटायला लागलं. ज्यांच्या बायकांची बाळंतपणं तिनं काढली, ज्यांच्या पोरांना पोहायला शिकवलं, ती माणसं.

ओर्डेल पडद्याआडनं बाहेर आला. फार वेळ लागला नव्हता, फार लवकरही झालं नव्हतं. कोटाची गुंडी नीट केली आणि "चल," म्हणाला.

"कॉफी घे की!" लव्हॉन म्हणाली.

"नको."

"घे रं."

"खरंच नको," ओर्डेल म्हणाला. तिसऱ्यांदा विचारायची वेळ त्यानं येऊच दिली नाही. गाडीकडं चालायला लागला.

वाटेत आर्डिस म्हणाली, "माणसं नजर का चुकवीत हुती रं?"

"थंडी हाय," ओर्डेल म्हणाला.

संध्याकाळी पक्षाची माणसं शाळेजवळच्या हॉलमध्ये जमणार होती. आर्डिसनं धारा काढून जायचं ठरवलं होतं. ओर्डेल म्हणाला, "तू जा. धारा म्या काढतो. तुज्याबिगर तितं कोन हाय?" तिला बरं वाटलं. इतकं मोठं वाक्य त्याच्या तोंडून महिनाभरात निघालं नव्हतं.

हॉलमध्ये तिनं केक मांडले, टेबलावर कापड घातलं, टीव्हीचा आवाज वाढवला. शहरांतले आकडे आले तेव्हा माणसं टाळ्या वाजवत होती. खेड्यांचे यायला लागले तशी एकेक जण काट्यानं केक उगाच टोचायला लागला. आर्डिस म्हणत होती, "थांबा, आपल्याकडचं यायचंय. आपल्याकडचं येऊ द्या." मग तालुक्याच्या कचेरीतनं फोन आला. ज्या पोरीनं घेतला तिनं आधी स्वतःशीच वाचलं, मग वर बघून हळूच सांगितलं.

स्कोगन फोसच्या विरोधात गेलं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलंच.

"पुन्हा बग," आर्डिस म्हणाली. "वर-खाली झालं आसंल."

"दोनदा विचारलं, आर्डिसकाकू."

लव्हॉनही आली होती, मैत्रिणीखातर. तिनं आर्डिसच्या पाठीवर हात ठेवला. "तुज्या घरची दोन तरी पडली आसतील बघ त्येला."

"त्यात काय सवाल हाय?" आर्डिस म्हणाली.

थोड्याच वेळात फोस टीव्हीवर आला. बायको शेजारी उभी. समोर उभ्या राहिलेल्या, शेतातही नवेकोरे बूट घालून फिरणाऱ्या रिपब्लिकन वकिलाला शुभेच्छा दिल्या, लोकांचे आभार मानले, आणि जागा गेली. तीन वेळा केसावर निभावलेली, राज्यातली शेवटची. आर्डिसनं उरलेले केक डब्यात भरले, कापडाच्या घड्या घातल्या, खुर्च्या भिंतीला लावल्या. कुणी मदतीला आलं तर "मी करते," म्हणाली. घरी आली तर चुलीवर तिच्यासाठी जेवण झाकून ठेवलेलं होतं. ओर्डेलच्या खोलीचं दार लोटलेलं. तिनं झाकण उघडलं आणि परत झाकलं.

सकाळी धारांना दोघं आपापल्या रांगेला लागले. बातम्या नकोत म्हणून तिनं आज रेडिओ लावलाच नव्हता. पोल्का नाही म्हणून गाई माना वळवून बघत होत्या. आर्डिसचं तोंड मात्र सुरू होतं.

"दुकानवाला फिरला आसंल. त्येचं काय, जिकडं वारं तिकडं त्यो. टोलेफ्सन तर नक्कीच. माज्या नजरंला नजर देत नव्हता मुडदा. आनि लव्हॉन! लव्हॉननं बी दिलं न्हाई बघ. मी वळखते तिला. येकेक नाव काढते बघ मी…"

"नावं काढू नगंस, आक्का."

"का नगं? ज्यांच्यासाठी येवढं केलं…"

"मी बी हाय त्यात."

तिला आधी वाटलं, एवढं करण्यात आपणही होतो म्हणतोय. मशीनचा ठोका चालला होता. मधे दोन गाई होत्या.

"कशात?"

"लाइलला न्हाई दिलं मी."

तिनं पेले काढायला हात घातला होता. डागरोस नावाची जुनी गाय, तिचं दूध संपलेलं, पेले काढायलाच पाहिजे होते. तिनं ते एकेक करून काढले, अडकवले, सडांना औषध लावलं. गाय थांबत नाही. राज्याची जागा गेली म्हणून कास थांबत नाही.

"मंग त्या वकिलाला दिलंस? त्या नव्या बुटाला?"

"त्येला म्हन्जे… लाइलला न्हाई दिलं."

"कशापाई?"

ओर्डेल पाठीचा कणा सरळ करून उभा राहिला. वयानं त्याला तसं उभं राहायला वेळ लागायचा.

"दुधाची गाडी त्येनं न्हाई आनली, आक्का."

"मंग कुनी आनली? आभाळातनं पडली?"

"म्या आनली."

आर्डिसनं हातातली औषधाची बाटली खाली ठेवली.

"त्यो म्हनला, आठवड्यात फोन करतो. मी बसलो वाट बगत. तुला ठावं न्हाई, तू गोठ्यात आसलीस की मी घरात बसायचो, न जानो वाजला तर. आठवडा गेला. म्हैना गेला. रोज दूध वततोय बर्फात. मंग येक दिवस गाडी काढली आनि नदीपल्याड गेलो, चीजवाल्याकडं. साहेब भेटला न्हाई. परत गेलो. परत गेलो. बाहेरच्या खुर्चीवर टोपी हातात धरून बसलो, दारोदार फिरनाऱ्या विक्रेत्यावानी. शेवटाला भेटला. त्येला म्हनलो, मी आयुष्यात कुनापुढं हात पसरला न्हाई. माज्यासाठी बी पसरत न्हाई. घरात भन हाय म्हनलो. तिला ह्या गाईंबिगर दुसरं काय न्हाई. ह्या गेल्या तर ती बी जाईल."

"तू आसं म्हनलास? माज्याबद्दल?"

"म्हनलो."

"परक्या मान्साफुडं?"

"त्येला बी म्हातारी भन हाय म्हनं. त्येनं गाडी धाडली."

आर्डिसला त्या सकाळचा टँकर आठवला. ड्रायव्हर खाली उतरताना म्हणाला होता, "काय ओर्डेल, सापडलं बघ तुझं घर." ती घराकडं पळत होती. पाठीमागनं कानावर पडलं होतं, आणि ती विसरली होती.

"मंग सांगायचं की मला!"

"सांगाय आलो हुतो. तू फोनवर हुतीस." ओर्डेलनं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं. "लाइलनं आनली, लाइलनं आनली, चाललं हुतं. लई खूश हुतीस. मार्लिस गेल्यापासनं घरात आसं कोनी हसलं नव्हतं. मंग म्हनलं, आसू दे."

"आनि फुडं? सहा वरसं?"

"फुडं तू सांगतच सुटलीस."

"त्यो बोर्ड! पडल्यावर तूच उभा केलास ना रं?"

"तुजा बोर्ड हुता त्यो."

ती डागरोसच्या कुशीला टेकून उभी राहिली. बाहेर उजाडत होतं. गाईनं शेणानं भरलेली शेपटी फिरवली ती तिच्या गालावर बसली. तिनं गाल बाहीनं पुसला.

"येक शबुद बोलला आसतास, ओर्डेल्या."

"तू तरी कुटं इचारलंस?" आवाज चढला नव्हता, त्याला चढवता येतच नव्हता. "समद्या तालुक्याला फोन केलास, कुनाला देनार म्हनून. घरोघरी गेलीस. मला येकदा बी न्हाई इचारलंस."

"तुला काय इचारायचं? तू घरचा."

"व्हय," ओर्डेल म्हणाला. "घरचाच."

मग तो पुढच्या गाईकडं गेला. त्याला जे बोलायचं होतं ते सगळं बोलून झालं होतं, आणि एवढं बोलणं त्याला जड कामासारखं लागलं होतं. दम लागला होता. आर्डिसनं तिच्या रांगेतल्या उरलेल्या गाई केल्या. एकीची कास पुसायची राहिली, ती परत जाऊन पुसली.

धारा संपत आल्या तेव्हा घरात फोन वाजायला लागला. थांबला, परत वाजायला लागला. ती गेली.

"आर्डिस? लाइल बोलतोय."

आवाज बसलेला होता. रात्रभर बोलून बसलेला असणार. आपल्या सगळ्या जुन्या माणसांना फोन करतोय म्हणाला. तुझ्यासारखी माणसं होती म्हणून तीन वेळा गेलो म्हणाला. स्कोगनबद्दल एक शब्द काढला नाही, चांगल्या घरचा होता. "ओर्डेलला माझा नमस्कार सांग," म्हणाला. "भला माणूस. त्याच्यावर मी कायम विसंबून राहिलो."

"लाइल," आर्डिस म्हणाली, "येक इचारते. खरं सांग."

"विचार की."

"दुधाच्या गाडीचा फोन तू केला हुतास का?"

पलीकडं कुणीतरी पेट्या हलवत असल्याचा आवाज येत होता. ऑफिस आवरायला लागले असतील.

"खरं सांगू, आर्डिस?" तो म्हणाला. "मला आठवत नाही. करायचा होता एवढं आठवतंय. तू सभेत सांगितलंस तेव्हा इतकं ठासून सांगितलंस की मला वाटलं, केला असेल. माझ्या ऑफिसातल्या कुणीतरी केला असेल. का गं? काही झालं का?"

खोटं बोलला असता तर तिला शिव्या तरी देता आल्या असत्या. तिच्याच तोंडची गोष्ट त्यानं खरी मानली होती, आणि त्याच गोष्टीवर तालुकाभर टाळ्या झाल्या होत्या. तिकडं मागच्या रांगेत टोपी गुडघ्यावर ठेवून एक माणूस ऐकत बसला होता. या सहा वर्षांत आपण किती घरांत ती सांगितली, ते तिला आठवायला लागलं. टोलेफ्सनच्या घरात, ओर्डेल शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना. मार्लिसच्या स्मृतिदिनाला, तिच्याच बहिणी-मेहुण्यांसमोर. चर्चच्या तळघरात तर दर नाताळाला.

"काय न्हाई झालं," ती म्हणाली. "बायकोला जप. आनि आता जरा झोप."

"आर्डिस, तू रडतेयस का?"

"गोठ्यातनं आलीया. नाक चोंदलंय."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली. कॉफीचं भांडं भरलेलं होतं. तिनं एक कप ओतला, तसाच टेबलावर ठेवला, आणि गमबूट घालून परत निघाली.

ओर्डेल गोठ्यात शेण ओढत होता. त्याची फावड्याची चाल बापासारखी होती, ओढायची, थांबायची, ओढायची.

"कोन हुतं?" त्यानं विचारलं.

"लाइल."

"काय म्हनतोय?"

"तुला नमस्कार सांगितलाय."

त्यानं मान डोलवली. फावडं टेकून उभा राहिला. तिला जे म्हणायचं होतं त्यासाठी त्यांच्या घरात कधी शब्द वापरलेच गेले नव्हते. तिला ठाऊक होता तो टेलिफोनचाच मार्ग.

"मी सांगते समद्यांना. आजच फोन लावते. गाडी तू आनलीस म्हनून."

"नको."

"आसं कसं नको? येवढं…"

"आक्का, नको." त्यानं फावडं उचललं. "आता कुनाला काय करायचं त्येचं? सहा वरसांमागं तुला सांगायचं हुतं. तालुक्याला न्हाई."

आर्डिस घराकडं वळली होती, ती परत फिरली.

"कोपऱ्यातल्या कालवडीला खोकला झालाय," ओर्डेल शेणाकडं बघत म्हणाला. "दूध जरा कोमट करून पाज तिला. मी दुपारी जातो, औषध आनतो."

"कधीपासनं खोकतीया?"

"परवापासनं."

"मला दिसलं न्हाई."

"तू कामात हुतीस," ओर्डेल म्हणाला.

तिनं बादली घेतली, नळाचं गरम पाणी दुधात मिसळलं, बोट बुडवून बघितलं, आणखी थोडं घातलं. कोपऱ्यातल्या खणात कालवड पाय पोटाशी घेऊन बसली होती. आर्डिस गुडघ्यावर बसली. गुडघे कुरकुरले. दोन बोटं दुधात बुडवून तिच्या तोंडात घातली. कालवडीनं आधी तोंड फिरवलं. परत घातली. मग ती हळूहळू चोखायला लागली. आर्डिसनं बादली मांडीशी धरली आणि दुसऱ्या हातानं तिचं मुंडकं हळूच खाली दुधाकडं दाबलं.